लाईट गेली, लाईट घालवली, दिवा मालवला : ‘बंद करण्या’चा एक छोटा इतिहास

वापर नसताना घरातला ब्रॉडबँडचा राउटर बंद करावा की चालूच ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता वीजबिलाचा आहे. त्याचे उत्तर विजेच्या दुकानदाराने किंवा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने द्यावे, मराठीच्या वर्गाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. तरीही हा प्रश्न आम्हाला आमच्या कक्षेतला वाटतो, याचे कारण भाषेत आहे. एखादी गोष्ट बंद होणे आणि बंद करणे यांसाठी मराठीने जी क्रियापदे घडवली, त्यांत या प्रश्नाचा इतिहास बराचसा साठलेला आहे.

कोल्हापुरात खोलीतून बाहेर पडताना घरातले वडीलधारे माणूस सांगते, ‘लाईट घालवा’. पुण्या-मुंबईच्या कानाला हा प्रयोग खटकतो. तिकडे लाईट ‘बंद’ करतात. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने कोल्हापूरकरांचा प्रयोग अगदी नेटका आहे. ‘जाणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप मराठीत ‘जाववणे’ असे होत नाही. ते काम ‘घालवणे’ करते. तेव्हा आपोआप जाते ती लाईट ‘गेली’ आणि आपण जायला लावली ती ‘घालवली’. मात्र या ‘घालवणे’ला दुसरीही एक छटा चिकटलेली आहे. वेळ घालवतात, पैसा घालवतात, अब्रू घालवतात. म्हणजे या क्रियापदात कर्तेपण आहे, तसे गमावणेही आहे. याखेरीज तिसरे क्रियापद आहे ‘मालवणे’. दिवा ‘विझवला’ असे म्हणणे अशुभ वाटते म्हणून आपण दिवा मालवतो, शांत करतो किंवा त्याला निरोप देतो. मालवण्यात तोटा नाही. दिव्याचे त्या दिवसापुरते काम झाले, एवढाच त्याचा अर्थ.

गेली, घालवली, मालवला. घराघरांत आलेल्या यंत्रांचा गेल्या शतकभराचा इतिहास या तीन क्रियापदांच्या आधारे मांडता येतो आणि राउटरच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याच आधारे शोधता येते, असे आम्हाला वाटते.

१. नंदादीप आणि सांजवात

‘सदैव चालू’ ही कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. ती आपल्याकडे नंदादीपाच्या रूपाने फार पूर्वीपासून आहे. मात्र तिच्यासोबत एक व्यवस्थाही होती. अखंड तेवणाऱ्या दिव्याला अखंड तेल लागते, वात सारखी करायला माणूस लागतो आणि त्या माणसाच्या पोटापाण्याची सोय लावावी लागते. दख्खन आणि दक्षिण भारतातील अनेक कोरीव लेखांत नंदादीपासाठी दिलेल्या तेलाची, गुरांची, जमिनीची नोंद सापडते. पुढल्या काळातही देवस्थानांना दिवाबत्तीसाठी इनामे दिली जात. थोडक्यात, दिवा कधीही मालवायचा नाही असे ज्यांनी ठरवले, त्यांनी त्याचा खर्च कोण करणार आणि राखण कोण करणार हेही त्याच दगडावर लिहून ठेवले.

सामान्य घरात नंदादीप नसे. घरात सांजवात असे. ती तिन्हीसांजेला लागे, घातलेल्या तेलाइतकी तेवे आणि आपसूक शांत होई. देवळाचा दिवा गावाचा म्हणून अखंड, घरचा दिवा घरापुरता म्हणून वेळेचा, अशी ही वाटणी होती. ती धार्मिक होती तितकीच आर्थिकही होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

वाचनसंस्कृतीचीही घडण अशीच होती. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेत पुस्तके कायम असत, पण दार ठरल्या वेळी उघडे आणि ठरल्या वेळी मिटे. ग्रंथसंग्रहाची जोखीम संस्थेने घ्यायची आणि वाचकाने वेळेत येऊन वेळेत परतायचे, अशी ती रीत. दार मिटले म्हणून ज्ञान बंद झाले, असे कोणाला वाटत नसे.

२. सभा संपते

विसाव्या शतकात घरात आलेल्या यंत्रांनी ही वाटणी बराच काळ सांभाळली. रेडिओ हे त्याचे उत्तम उदाहरण. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि कोल्हापूर-सांगलीच्या दोन पिढ्यांचा दिवस त्याच्या वेळापत्रकाने बांधला गेला. आकाशवाणीच्या प्रसारणाला ‘सभा’ म्हणत : पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. शब्द नेमका होता. सभा भरते आणि सभा उठते. निवेदकाने सभा संपल्याचे सांगितले की घरातला रेडिओ चालू ठेवण्यात अर्थ उरत नसे. खरखर ऐकत कोण बसणार? बटण श्रोत्याच्या हाती होते, पण ते केव्हा फिरवायचे हे केंद्राने आधीच ठरवलेले होते. त्या काळी रेडिओ नुसता ऐकण्यासाठीही पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात संपली.

टेलिफोनची गोष्ट याच्या उलट. तो दिवसरात्र जागा असे. मात्र त्याला जागे ठेवण्याचे काम घराकडे नव्हते. तांब्याच्या तारेवरून फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून येई. तेथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असे, जनरेटर असे, रात्रपाळीचा माणूस असे. म्हणूनच गावभर काळोख पसरला तरी फोन बहुधा वाजत असे. नंदादीपाचीच ही सरकारी आवृत्ती होती. सदैव जागण्याचे ओझे संस्थेवर, लाभ घराला.

इंटरनेट प्रथम याच तारेवरून आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली, ती महानगरांत. कोल्हापुरासारख्या शहरापर्यंत ती यायला आणखी काही वर्षे लागली. त्या डायल-अप जोडणीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना एक वाक्प्रचारही आठवत असेल : ‘नेट लावणे’. नेट लावले की फोन अडकत असे, वर फोनचे बिल मिनिटांच्या हिशेबाने चढत असे. त्यामुळे काम झाल्यावर नेट तोडणे ही सक्तीच होती. पत्र आधी लिहून ठेवावे, मग नेट लावून ते धाडावे आणि लगेच तोडावे, ही काटकसर तेव्हाच्या वापरकर्त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. ती सांजवातीचीच शिस्त होती.

३. वारणेचा धडा

याच काळात कोल्हापूर जिल्ह्यात एक प्रयोग झाला. त्याची नोंद आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी, १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांचा तो एकत्रित उपक्रम होता. गावोगावी संगणकाची केंद्रे, ती वारणानगरशी जोडलेली, आणि शेतकऱ्याला उसाच्या नोंदीपासून बाजारभावापर्यंत सारे काही गावातच मिळावे, असे स्वप्न होते. ग्रामीण भारतातील अशा अगदी पहिल्या मोठ्या प्रयोगांत त्याची गणना होते.

पुढे काय झाले? केंद्रांवरचा संगणक मुख्यतः उसाच्या कामासाठी वापरला गेला : किती ऊस गेला, तोडीचा परवाना केव्हा, खत किती उचलले. जगभराच्या माहितीचे दार म्हणून त्याचा वापर फारसा झाला नाही. २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी ७ गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले. प्रयोगाचे नावच ‘वारणा अनवायर्ड’ होते.

याकडे फसलेला प्रकल्प म्हणून पाहण्याची सवय आहे. आम्हाला त्यात वेगळा धडा दिसतो. शेतकऱ्याला उसाच्या हंगामात, विशिष्ट दिवशी, विशिष्ट आकडा हवा होता. तो त्याला मिळाला की त्याची सभा संपत होती. लघुसंदेश या गरजेच्या मापाचा होता. जोडणीचे मोल ती किती वेळ चालू राहते यावर ठरत नाही; हव्या वेळी ती हाताशी असते की नाही यावर ठरते. वारणेच्या शेतकऱ्याने हे कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

४. व्याख्येतच ‘सदैव चालू’

भारत सरकारचे ब्रॉडबँड धोरण २००४ साली जाहीर झाले. त्यात ब्रॉडबँडची व्याख्या दिली आहे आणि तिच्या अगदी आरंभीच ‘सदैव चालू’ असलेली जोडणी हा गुण नमूद आहे. किमान २५६ केबीपीएस वेगाचा उल्लेख त्यानंतर येतो. वेगाचा आकडा पुढे बदलत गेला, २०२३ साली तो २ एमबीपीएस झाला.  आपल्या घरातला राउटर बंद करताना हाताला जो किंचित संकोच होतो, त्याचे मूळ असे एका सरकारी व्याख्येपर्यंत नेता येते.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ ही सेवा आणली आणि मध्यमवर्गीय घरांत मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. त्याच महिन्यात २.४ गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्याचा वापर परवानामुक्त झाला. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. पूर्वी घरात आकाशवाणी नुसती ऐकायलाही परवाना लागे. आता प्रत्येक घर विनापरवाना आपले एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र चालवू लागले. वाय-फायचा राउटर कोणी वापरत असो वा नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचे नाव पुकारत असतो. या केंद्राला पहिली सभा नाही आणि शेवटचीही नाही.

गंमत एवढ्यावर थांबत नाही. जोडणी कागदोपत्री सदैव चालू झाली त्याच सुमारास महाराष्ट्रात विजेचा तुटवडा पराकोटीला गेला आणि ‘भारनियमन’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. शहरांत काही तास आणि खेड्यांत त्याहून कितीतरी अधिक तास लाईट जात असे. २०१२च्या सुमारास बहुतांश शहरांतून हे संकट ओसरले. तोवर सदैव चालू राहणाऱ्या जोडणीला दिवसातून दोनदा ‘गेली’ हे क्रियापद लागतच होते. शिवाय काही योजनांत महिन्याच्या डाउनलोडला मर्यादा असे आणि पहाटे २ ते ८ या वेळेत ती लागू नसे. कित्येक विद्यार्थी घड्याळाचा गजर लावून पहाटे दोनला मोडेम चालू करीत. सदैव चालू असण्याच्या युगाचा आरंभ हा असा वेळा पाळत झाला.

आज ऑप्टिकल फायबर आला आहे, मर्यादा बव्हंशी गेल्या आहेत, भारनियमन पूर्वीसारखे उरलेले नाही. बाहेरून बंद होण्याची कारणे एकेक करून दूर झाली, आणि बटण प्रथमच खऱ्या अर्थाने घराच्या हाती आले. त्याचबरोबर नंदादीपाचे ओझेही घरावर आले. फायबरवरचा घरगुती फोन आता एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालत नाही. तो आपल्या राउटरवर आणि आपल्या विजेवर चालतो. राउटर घालवला तर फोनही जातो.

५. हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. घरगुती राउटर साधारण ५ ते १२ वॉट वीज घेतो. ८ वॉट धरले तर वर्षभर अखंड चालवण्यास सुमारे ७० युनिट लागतात. रोज रात्री ८ तास बंद ठेवला तर वर्षाला सुमारे २३ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तरी सव्वादोनशे-अडीचशे रुपये. ही बचत खोटी नाही, पण केवळ तिच्यासाठी घरात वाद घालण्याइतकी मोठीही नाही.

सुरक्षिततेचे कारण याहून वजनदार आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले राउटर आणि कॅमेरे लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन जगातली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’च्या वेळी अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करण्याचे जाहीर आवाहन केले. बंद यंत्रावर हल्ला होत नाही, हे खरेच. पण पासवर्ड बदलणे आणि यंत्राची आज्ञावली अद्ययावत ठेवणे हा खरा उपाय आहे. ही अद्ययावतता पुष्कळदा रात्रीच आपोआप होते, हेही विसरता कामा नये.

कोल्हापूरकराला तिसरे कारण सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात वळीव येतो, पश्चिमेला आभाळ काळेकुट्ट होते आणि विजा कडाडू लागतात. अशा वेळी राउटरचा प्लग भिंतीतून काढून ठेवणे हेच शहाणपण. तांब्याची तार असेल तर तीही काढावी. फायबर काचेचा असल्याने त्यातून विजेचा लोळ येत नाही, परंतु विजेच्या जोडणीतून येऊ शकतो. घर काही दिवसांसाठी बंद असेल तेव्हाही तेच करावे.

चालू ठेवण्याची कारणेही तितकीच खरी आहेत. घरात एकटे वृद्ध माणूस असेल आणि त्याचा फोन राउटरवर चालत असेल, तर तो बंद करणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे होय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर शहरात आला, महामार्ग बंद पडला; त्या रात्री ज्यांनी पाण्याची पातळी आणि नातेवाइकांची खुशाली विचारत काढल्या, त्यांना जोडणीचे मोल वेगळे सांगायला नको. आणि दर तासा-दोन तासाला राउटर बंद-चालू करत राहण्यात बचत नगण्य, त्रास मात्र पुष्कळ.

६. कोणी बंद केले?

हिशेब येथे संपतो, प्रश्न मात्र संपत नाही. कारण बंद होण्याचा अनुभव कोणी बंद केले यावर अवलंबून असतो.

७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात तणाव उसळला आणि प्रशासनाने इंटरनेट सेवा काही काळ थांबवली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु त्या दिवशी घराघरांत जे वाक्य उच्चारले गेले ते भारनियमनाच्या काळातलेच होते : ‘नेट गेलं’. कर्ता दुसराच, संमती कोणाचीच नाही. घरात चिडलेल्या वडिलांनी परीक्षेच्या तोंडावर राउटरची वायर ओढली, तर मुलाच्या लेखी तेही ‘गेलं’च असते. २०२०च्या टाळेबंदीनंतर ज्या मुलांची शाळाच त्या पेटीतून भरली, त्यांना ती वायर ओढणे हा निव्वळ शिस्तीचा भाग वाटत नाही. दार तोंडावर लावून घेतल्यासारखे ते वाटते.

याच्या शेजारी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव ठेवून पाहावे. सुमारे ३००० वस्तीच्या या गावाने २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले की रोज संध्याकाळी ७ ते ८.३० या वेळेत दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवायचे. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेपायी मुलांच्या हाती गेलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण होते. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हा विषय ग्रामसभेत आला, महिलांनी तो उचलून धरला. देवळावरचा भोंगा ७ वाजता वाजे आणि आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत.

या घटनेकडे कौतुकाने पाहिले गेले, क्वचित उपहासानेही. भोंगा वाजवून माणसांना वाचायला बसवता येते काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. गावकीच्या दडपणाखाली घेतलेली संमती कितपत खरी, हेही विचारले पाहिजे. तरीही या प्रयोगातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जुन्या व्यवस्थेत सभा केंद्र संपवत असे, लाईट वीजमंडळ घालवत असे. वडगावात प्रथमच वापरणाऱ्यांनी एकत्र बसून आपल्या सभेची वेळ ठरवली. आणि ती वेळ तिन्हीसांजेची, म्हणजे सांजवातीचीच निघाली. हा योगायोग असेल. परंतु घराची घडी कोणत्या वेळेला बसते, याची जुनी जाण त्यामागे असावी असे वाटते.

७. निष्कर्ष

तेव्हा राउटर बंद करावा का? आमचे उत्तर असे : करावा, पण मालवावा, घालवू नये. त्याची वेळ घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावी, धाकट्यांनाही त्यात बोलू द्यावे. कोणाचा फोन, कोणाचा अभ्यास, कोणाची रात्रपाळी त्यावर अवलंबून आहे हे आधी विचारावे आणि तशी निकड असलेल्या घराने तो खुशाल चालू ठेवावा. विजा कडाडत असताना आणि घर सोडून जाताना मात्र दुसरा विचार करू नये. पैशाची बचत हा याचा जोडलाभ समजावा.

नंदादीप लावणाऱ्यांनी तेलाची आणि राखणदाराची सोय दगडावर कोरून ठेवली होती. आपण आपल्या घरात अखंड तेवणारा दिवा आणून ठेवला, पण त्याची राखण कोण करणार आणि त्यापायी कोणाची झोप, कोणाचा निवांतपणा खर्च होणार, याची चर्चा बहुतेक घरांत कधी झालीच नाही. ती चर्चा एका संध्याकाळी करून पाहायला हरकत नाही. तिला अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासापुरता तरी राउटर चालू असण्याची गरज नाही.